बोर्ड मीच लावलाय

...आन् वर मलाच म्हणत्यात, "मी कुठनं जातो ते तू कशाला बघतीस?" आता बघू नको तर काय डोळं मिटून बसू? तुम्हाला सांगते, आमच्या दारातनं वावरात जायला सरळ पायवाट हाय, झोपेत चाललं तरी चुकायची न्हाई, आन् आमचं मालक गेलं तीन आठवडं रोज सकाळी घराच्या मागल्या अंगानं निघत्यात, उकिरड्याला वळसा घालून, बांधाबांधानं, घाणेरीच्या जाळीतनं, पायजम्याला कुसळं लावून घेत, अर्धा मैल जास्तीचा चालत... कशापायी? तर सरळ वाटंवर नागसेनचं घर लागतं म्हणून. त्या घरात काय वाघ बांधलाय? दारात एक म्हातारी बसलेली असती, धुरपदाबाई, नागसेनची आई, डोळ्यानं अधू, कानानं अर्धी. तिच्यासमोरनं जायला ह्या माणसाचं पाय उचलत न्हाईत.

माणूस वाईट न्हाई, तुम्हाला सांगते. वाईट असता तर मिशीवर हात फिरवत खुशाल त्याच दारासमोरनं गेला असता. वाईट न्हाई हीच तर पंचाईत हाय.

आता नवऱ्याचं नाव उखाण्याबिगर घेऊ नये, पण ही गोष्ट नाव घेतल्याशिवाय सांगताच येत न्हाई, तवा घेते. पोपट. पोपटराव. हसा. समदं गाव हसून झालंय, तुम्हीच तेवढं राहिला हुता.

तर झालं काय... आमचं गाव शिरूर तालुक्यात, घोडनदीच्या अंगाला, इनामगावापास्नं काय फार लांब न्हाई. आन् ते इनामगावच सगळ्याचं मूळ. तिथल्या मातीत तीन-साडेतीन हजार वर्षांची खापरं निघाली, पुण्याची शिकलेली माणसं येऊन ती ब्रशनं पुसत बसायची, पुस्तकात गावाचं नाव आलं. आमच्या मालकांच्या पोटात ते अजून दुखतं. म्हणायचं, "त्यांच्यातला मेलेला माणूस बी प्रसिद्ध हाय, आन् आपल्यातला जित्ता बी कुणाला म्हाईत न्हाई." एकदा पायरीचं काम करताना एक खापर सापडलं तर चार दिवस फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्याशेजारी ठेवलं. मी सोडून बघितलं. दोन सालामागं माझ्याच हातनं फुटलेला माठ हुता. सांगू कसं? सांगितलं न्हाई. चार दिवस माणूस खुशीत हुता, राहू दिला.

अशा माणसाला गौतमी भेटली. गौतमी म्हंजी नागसेनची लेक. नागसेन कोरेगाव भीमाकडं कंपनीत शिफ्टला जातो, पोरगी शिरूरला कॉलेजात प्राण्यापाखरांचं शिकती. तर आमच्या वावराच्या कडंनं एक ओढा हाय, त्याला मातीची उभी दरड, दोन पुरुष उंच, आन् त्या दरडीला भोकंच भोकं. आम्ही समजायचो उंदरांची हायत. ही पोरगी दोन सुट्ट्या तिथं वही घेऊन बसली आन् एक दिवस आमच्या ओट्यावर येऊन म्हणली, "आप्पा, ती वेड्या राघूची घरं आहेत. हातभर खोल बिळं करतात, आत अंडी घालतात. मी मोजली, सेहेचाळीस आहेत." वेडा राघू तुम्ही बघितला असंल, चिमणीएवढा हिरवा पक्षी, शेपटीला एक काडी बाहेर आलेली, तारंवर बसतो, उडती माशी पकडतो आन् परत तिथंच येऊन बसतो.

मालक म्हणले, "सेहेचाळीस घरं? एवढी तर आपल्या वस्तीत न्हाईत." आन् दुसऱ्या दिवशी पारावर जाऊन सांगत्यात, "इनामगावात घरं सापडली ती मोडकी. आपल्यात सापडली ती नांदती हायत."

मग काय, अंगात आल्यागत. ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असती, आमच्यात ती कागदावर झोपली हुती, तिला ह्यांनी उठवून बसवली आन् आपण अध्यक्ष झाले. ग्रामसभेत ठराव घेतला. ओढ्याच्या दोन्ही अंगाला तीस मीटर, खणायचं न्हाई, मुरूम काढायचा न्हाई, बांधायचं न्हाई. कुणीतरी म्हणलं, ज्याची त्याची जमीन हाय, मग? तर मालक उठून उभं राहिलं आन् स्वतः एक ओळ घालायला लावली, "सातबारा ज्याच्या नावावर असंल त्यानं बी न्हाई." टाळ्या पडल्या. कायद्यापुढं सगळे सारखे, असं बी म्हणले. मी बायकांत बसले हुते, माझा बी ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू? मग दरडीपाशी बोर्ड लागला, पिवळा, "येथे खोदकाम करण्यास सक्त मनाई आहे", आन् खाली मोठ्या अक्षरात अध्यक्षांचं नाव. नाव मनाईपेक्षा मोठं हुतं.

आता ऐका पुढं. पहिल्यांदा हा नेम लागला कुणाला? नागसेनला.

त्याचं घर ओढ्याकडंच्या तुकड्यात, जुनं, उंच जोत्याचं. म्हातारीला पाच पायऱ्या चढवत न्हाईत, तिला सपाटीला एक खोली काढावी म्हणून त्यानं पाया खणला. पाया खणून दगड बी आणून टाकला. मालक टेप घेऊन गेले. एका टोकाला नागसेन, एका टोकाला हे. सव्वीस मीटर भरलं. चार कमी. संगं गेलेली माणसं म्हणली, चार मीटरनं काय राघू मरत्यात व्हय, म्हातारीसाठी हाय, जाऊ द्या. तर आमचं मालक काय म्हणले? "नेम म्हंजी नेम. आज चार सोडलं तर उद्या चाळीस सोडावं लागत्याल."

नागसेननं टेपचं टोक खाली सोडलं. त्याची पोरगी तिथंच उभी हुती, हातात वही, तिनंच तर राघू शोधलेलं. बाप तिच्याकडं बघून म्हणला, "बरोबर हाय आप्पांचं. नेम हाय तर सगळ्यांला हाय." आन् सुट्टीच्या दिवशी स्वतः फावडं घेऊन आपला पाया आपण बुजवला. धुरपदाबाई अजून त्या पाच पायऱ्या बसून बसून उतरती... बूड टेकत, एक एक.

माणूस वाईट न्हाई, तुम्हाला सांगते, त्या रात्री ते जेवले न्हाईत. पण अभिमानानं जेवले न्हाईत, समजलं का? आपण किती कडक हाय ह्या अभिमानानं पोट भरलं हुतं.

आन् मग आमच्या करिश्माचं जुळलं. एकुलती लेक. स्थळ केडगावचं, तिकडं दौंड तालुक्यात, स्टेशनापासनं जवळ घर, माणसं चांगली. व्याही मारुतराव, पांढरी कापडं, बोलणं हळू, मोजकं. फेब्रुवारीत बघायला आले तवा त्यांची गाडी आमच्या वाटंला खालनं घासली आन् बसली अडकून. मग सगळी पावणं चालत, नागसेनच्या दारावरनं, लांबच्या वळणानं, धुरळ्यात. मारुतराव ओट्यावर बसले, धोतराची कुसळं एक एक काढून बशीत ठेवली, पाणी प्याले आन् म्हणले, "रस्ता केला पाहिजे, पोपटराव." बास. एवढंच.

पावणं गेलं. आन् त्या बशीतली कुसळं बघून मी बोलले. आता हे मी गावात कुणाला सांगितलेलं न्हाई, तुम्हाला सांगते... मी म्हणलं, "साखरपुड्याला चाळीस माणसं येणार, त्यांना बी अशी चालवत आणणार का? लेक द्यायचीय, तोंड कुठं दाखवू मी?" एकदा न्हाई म्हणलं. दीड महिना म्हणलं. भाकरी वाढताना म्हणलं, भाकरी उचलताना म्हणलं. सडकंवरनं सरळ रस्ता काढायचा तर एकच जागा. आमचीच जमीन, आमचीच दरड.

मालक आधी म्हणले, छे. मग म्हणले, बघू. मग एक दिवस आपल्या आपण बोलायला लागले, "तशी दरड आपल्याच सातबाऱ्यात हाय... टोकाकडनं थोडीच घ्यायचीय... राघू काय वर्षभर तिथं राहत न्हाईत... दुपारचं ऊन असलं की पक्षी बाहेर फिरायला जात्यात." माणूस स्वतःला कसा पटवतो बघा. एप्रिल महिना, बिळाबिळात पिल्लं, आन् म्हणे पक्षी फिरायला जात्यात.

शुक्रवारी भर दुपारी जेसीबी आणला. गाव जेवायच्या वक्ताला. ड्रायव्हर तिकडं युपीचा कुणी, बिचारा नवा माणूस. मी ताक घेऊन गेले हुते, माझ्यासमोरची गोष्ट हाय. त्यानं मशीन थांबवलं, खाली उतरला, बोर्ड वाचला, बोट लावून लावून. म्हणला, "चाचा, इधर तो लिखा है खोदना मना है."

मालक म्हणले, "बोर्ड मैंनेच लगाया है."

त्यानं खालचं नाव वाचलं. "पोपटराव आपही हो?"

"हां."

"अच्छा. जिसने मना किया वही बोल रहा है, फिर तो ठीक है." आन् बसला जाऊन मशीनवर.

तुम्हाला सांगते, त्याच्या मनात काय टोमणा न्हवता, त्याला खरंच ठीक वाटलं हुतं. पण मालकांचं तोंड असं झालं जसं कुणी भर चावडीत पागोटं काढून घेतलं. तरी थांबले का? न्हाई. बोर्ड आपल्या हातानं उपटला आन् बाभळीच्या बुडाशी पालथा घातला. पालथा. म्हंजी लाज तवाच वाटत हुती का न्हाई? लाज नसती तर उताणा ठेवला असता.

पहिल्या दणक्याला माती खाली आली तशी राघू उठलं. मी एवढं राघू एका जाग्याला कवा बघितलं न्हवतं. ओरडत न्हवतं फार, बारीक आवाज, ट्री ट्री करत घिरट्या घालत हुतं. ते बी ठीक. पण एक राघू आला, चोचीत चतुर धरलेला, पंख फडफडणारा चतुर, पिल्लाला आणलेला. तो आला ते नेमका त्याच्या दाराच्या जाग्याला, आन् तिथं दारच न्हाई. नुसती ताजी उकरलेली माती. तो हवेत तसाच फडफडत थांबला, मागं गेला, तारंवर बसला, परत आला, परत तिथंच. चतुर काय चोचीतनं सोडंना. पाच येळा आला, सहा येळा आला. माझ्या हातात ताकाचा तांब्या तसाच. मला वाटलं हा आता चुकून दुसऱ्या बिळात घालंल, पर न्हाई हो, त्याला त्याचंच दार पाहिजे.

मालक बघत हुते. म्हणले, "पुरं." जेसीबीच्या आवाजात ऐकू गेलं न्हाई. मग मोठ्यानं म्हणले, "बस करो." पण तवर एक गाडी जाईल एवढी वाट पडली हुती.

आन् रविवारी गौतमी आली. दर रविवारी यायची, बिळं मोजायची, वहीत लिहायची. त्या वहीचं नाव "लोक जैवविविधता नोंदवही", घेताना दम लागतो, पण पंचायतीची वही हाय, अध्यक्षांची सही लागती. पोरगी दरडीपाशी बराच वेळ उभी राहिली. मग आमच्या ओट्यावर आली. ओरडली न्हाई, रडली न्हाई. म्हणली, "आप्पा, सतरा राहिलीत. कशानं झालं?"

आता बघा, तिथं खरं बोलायला किती येळ लागला असता? पण मालक तांब्याकडं बघत म्हणले, "पावसानं ढासळली."

एप्रिलात. पाच महिनं थेंब न्हाई. विहिरीला तळ दिसतोय. ओट्यासमोर जेसीबीच्या चाकाचं ठसं, एवढं एवढं खोल. पोरीनं त्या ठशांकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं, आन् वही उघडून लिहिलं. मोठ्यानं वाचून दाखवलं, जसं नेहमी दाखवायची, "दरड ढासळली. एकोणतीस घरटी नष्ट. कारण, अध्यक्षांच्या सांगण्यानुसार, पाऊस." आन् वही पुढं केली. "सही, आप्पा."

आन् ह्यांनी सही केली.

माणूस वाईट न्हाई. पण त्या दिवशी मला वाटलं, वाईट असायला आणखी काय काय लागतं?

गाव काय गप बसतंय? हाटेलात चहा पिताना लोक आभाळाकडं हात करून म्हणायचं, आज पोपटरावांच्या वावरात पडंल असं वाटतंय. कुणी म्हणलं, पोपटानं राघूची घरं पाडली, भाऊबंदकी हाय. हे ऐकून घ्यायचे. सोसायचे. पण खरी सभा आली एक मेला.

झेंडावंदन झालं, शाळंच्या व्हरांड्यात ग्रामसभा बसली. ग्रामसेवक समित्यांचा अहवाल वाचायला लागले. पाणीपट्टी झाली, दिवाबत्ती झाली, मग ती वही. सपाट आवाजात वाचलं त्यांनी, त्यांना काय ठाव, "एकोणतीस घरटी नष्ट. कारण, अध्यक्षांच्या सांगण्यानुसार, पाऊस."

कुणी हसलं न्हाई. मला वाटलं हुतं हसत्याल. हसले असते तर बरं झालं असतं. सगळी माणसं खाली चटईकडं बघत बसली. आन् त्या शांततेत धुरपदाबाई, नागसेननं तिला खुर्चीवर बसवून आणलेली, ती कानामागं हात धरून एकदम खरेपणानं विचारती, "कवा पडला रं पाऊस? मला कुणी सांगितलं न्हाई. वाळवण बाहेर हुतं माझं."

नागसेन तिच्या कानाशी वाकला आन् म्हणला, "आई, असू दे."

असू दे म्हणला तो. ज्याचा पाया ह्यांनी बुजवायला लावला, तो ह्यांची अब्रू झाकत हुता. ते ह्यांना सोसलं न्हाई. उठले. टोपी काढून हातात घेतली. म्हणले, "आजी, पाऊस पडला न्हाई. दरड मी पाडली. जेसीबी लावून पाडली, आन् वर खोट्यावर सही केली."

कशासाठी पाडली, कुणी भुणभुण लावली, एक शब्द बोलले न्हाईत. माझं नाव घेतलं न्हाई. आन् मी... मी बायकांत पुढंच बसले हुते. मी उठले का? न्हाई उठले. पदर नीट करत बसले. तुम्हाला वाटत असंल ही बाई नवऱ्याच्या मागल्या वाटंवर एवढी का बोलती. दुपारी त्यांची भाकरी घेऊन जाते ना मी, ती बी मागल्याच वाटंनं जाते.

पुढं ऐका. मालकांनी अध्यक्षपद सोडलं. मग घाईघाईनं म्हणले, "नागसेन, तू तुझी खोली बांध. आज बांध. कोण अडवतंय बघतो." जणू पाप फेडायची खिडकी उघडली, असा आवाज.

नागसेन म्हणला, "न्हाई आप्पा. तुम्ही मोडला म्हणून मी बी मोडू व्हय? मग राघूला राहिलं काय?"

तुम्हाला सांगते, त्यानं शिवी दिली असती तर आम्ही आज सरळ वाटंनं चालत असतो. मालक तरी म्हणले, माझ्या बांधालगतची जागा घे, तीस मीटरच्या बाहेर हाय, लिहून देतो. नागसेन म्हणला, "आईला इचारतो." तीन आठवडं झालं. अजून इचारतोय.

सभेनं गौतमीला अध्यक्ष केलं. बावीस वर्षांची पोर. ती म्हणली, दरड कुणाला परत करता यायची न्हाई, पण उभी कापलेली माती राघूला आवडते, पुढल्या साली तिथंही बिळं करतील, मात्र वाट बंद पाहिजे आणि सकाळ-संध्याकाळ कुणीतरी बसून नोंद ठेवली पाहिजे. कुणी हात वर करंना. ह्यांनी केला. आन् संध्याकाळच्या आत आपल्या नव्या रस्त्यावर आपण बाभळीच्या काट्या ओढून टाकल्या, बोर्ड पुसून परत उभा केला. त्यावरचं नाव मात्र रंग लावून खोडलं.

मग साखरपुडा. चाळीस पावणं मेच्या उन्हात लांबच्या वळणानं चालत. हे पुढं, मान खाली. ओट्यावर बसल्या बसल्या व्याह्यांना म्हणले, "मारुतराव, माफ करा. रस्ता काढला हुता, आन् मीच बंद केला."

मारुतराव म्हणले, "कसला रस्ता?"

"तुम्ही म्हणला हुता ना... रस्ता केला पाहिजे म्हणून."

त्यांनी जरा आठवून बघितलं. म्हणले, "ते व्हय? अहो ते मी मोठ्या सडकेचं म्हणालो. केडगावपासनं येताना खड्ड्यांनी कंबर धरली हुती माझी. तुमच्या वावरात मला कशाला पाहिजे रस्ता? मी शेतकरी माणूस हाय, कुसळं मला नवी हायत का?"

मी चहाचं ताट घेऊन दारात हुते. मालकांनी माझ्याकडं बघितलं न्हाई. सव्वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा असं झालं, की बघायला पाहिजे हुतं तवा त्यांनी बघितलं न्हाई. एकोणतीस घरं, तुम्हाला सांगते... आन् पावण्यानं सडकेचं म्हणलं हुतं.

माणूस वाईट न्हाई. बाई बी वाईट न्हाई हो. पण कुणाला सांगायचं?

आता हे पहाटंपासनं दरडीसमोर बसून असत्यात, मांडीवर वही. सतरा बिळं. कुठल्या बिळातनं कोण निघालं, काय घेऊन आलं, सगळं लिवत्यात. परवा गौतमी म्हणली सोळा, हे म्हणले सतरा, तिच्याबरोबर तासभर बसून सतरावं दाखवलंच. दुपार टळली तरी जेवायला येत न्हाईत. काल मी कट्टाळून तिथनंच हाक मारली तर ओठावर बोट ठेवून माझ्याकडं असं बघितलं जसं मी देवळात चप्पल घालून शिरले. नव्या अध्यक्षांचा, गौतमीचा, ठराव हाय म्हणे, दरडीपासनं तीस मीटरच्या आत मोठ्यानं बोलायचं न्हाई. जवळ जाऊन बसले, म्हणलं हळू बोलू, मनातलं एकदा बोलून टाकू. तर ह्यांनी वहीतलं पान फाडून पेन्सिलीनं लिहून दिलं, "पिल्लं हायत. नंतर."

नंतर घरी आल्यावर माणूस बोलतच न्हाई. म्हणून तर तुम्हाला धरून बसवलंय... तुम्ही आपलं तीस मीटरच्या बाहेर हायसा.